ळ-विना शाळा

चित्रकार होण्याची महत्त्वाकांक्षा उराशी धरून, रेखाकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेचे प्रमाणपत्र खिशात घालून, आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची फी व तिथला राहण्याजेवण्याचा खर्च यांचा हिशेब वडिलांच्या पगाराशी कोणत्याही बाजूने जुळत नाही हे एकदाचे उमगल्यावर, मी १९५७ सालच्या जूनमध्ये पुण्याच्या नारायण पेठेतील एका छोट्या छापखान्यात उमेदवार म्हणून रुजू झालो. पुढे छत्तीस वर्षे त्याच धंद्यात काढली. पहिल्या दिवशी मालकांनी मला ब्रश दिला तो छपाईचे खिळे झाडण्याचा, आणि रंग म्हणून दाखवला तो काळा. लाल शाईचा डबाही होता, पण तो कुलपात असे आणि त्याची किल्ली लग्नसराईखेरीज बाहेर पडत नसे.

आमचा छापखाना म्हणजे पायाने चालणारी दोन ट्रेडले, एक कागद कापण्याचे यंत्र, भिंतीलगत खिळ्यांच्या खणवार केसांच्या उतरत्या मांडण्या आणि त्यांच्यासमोर जुळणीची स्टिक हातात घेऊन दिवसभर उभे राहणारे तीन जुळारी. इंग्रजीचा जुळारी दोन केसांत आपला प्रपंच भागवी. देवनागरीच्या जुळाऱ्याला चार केस लागत, आणि तरीही एखादे जोडाक्षर ऐनवेळी सापडत नसे. टाईप अखंड असेल तर मात्रा-उकारांसह ओतलेली अक्षरे शेकड्यांनी बाळगावी लागत. डिग्रीचा असेल तर खणांची संख्या घटे, पण अक्षराच्या डोक्यावर वेलांटी आणि पायाशी उकार वेगळा बसवण्याची कसरत वाढे, आणि ओळ आवळताना त्यातला एखादा अनुस्वार हमखास उडून जाई. निर्णयसागरसारख्या मातबर छापखान्याने स्वतःच्या ओतशाळेत घडवलेल्या सुबक अक्षरांची पुस्तके आमच्या मालकांनी देवघरात ठेवावीत तशी फडताळात ठेवली होती. ती आम्हांला पाहण्याची मुभा होती. तशी मागणी करण्याची मात्र नव्हती.

नव्या ब्लॉकला मालकांचा विरोध तत्त्वाचा होता असे ते म्हणत. माझ्या मते तो चौरस इंचाला पडणाऱ्या दराचा होता. जस्ताचा ब्लॉक करून घ्यायचा तर ब्लॉकमेकरकडे खेप, त्याची मुदत, त्याचा तगादा आणि शेवटी त्याचे बिल. आमच्याकडे गणपतीचा एक ब्लॉक होता, कलशाचा एक आणि हात जोडलेल्या बाईचा एक. गणपतीच्या सोंडेला टवका उडालेला होता, आणि त्या काळी आमच्या पेठेत जन्मलेल्या, मुंजी झालेल्या व बोहल्यावर चढलेल्या बहुतेक सर्व माणसांच्या पत्रिकांवर तो टवका उमटलेला सापडेल. कंटाळून मी एकदा नवा गणपती रेखाटून नेला. मालकांनी तो न्याहाळला, चांगला आहे म्हणाले, आणि विचारले, “हा आपल्या केसेत कोठल्या खणात आहे?”

तो प्रश्न त्यावेळी मला क्रूर वाटला. परंतु दुपारच्या निवांत वेळी केसेसमोर उभा राहून मी खरोखरच खणाखणांतून गणपती शोधू लागलो. कंस आडवा टाकला की लाट होते. दोन कंस पाठीला पाठ लावून उभे केले की डमरू होतो. शून्यांची ओळ म्हणजे मोत्यांचा सर. अवग्रहाची चिन्हे शेजारी शेजारी मांडली की पाण्यावरून चाललेली हंसांची रांग. आणि ४ हा आकडा आडवा केला की त्याचा मासा होतो. हा मासा माझ्या आयुष्यातला पहिला स्वतंत्र शोध. पितळी रुळांचे लहानमोठे तुकडे रचून तुळशीवृंदावन करता येते, आणि पूर्णविरामाचे दंड दाटीने उभे केले की महिरपीचे खांब होतात. गणपती काही मला अखेरपर्यंत जमला नाही. पण तो शोधताना जे सापडले त्यावर आमच्या छापखान्याच्या पुढच्या चारपाच लग्नसराया पार पडल्या.

छापखान्यात नव्या माणसाला सर्वांत कंटाळवाणे वाटणारे काम म्हणजे छपाई झाल्यावर जुळणी सोडून एकेक खिळा आपापल्या खणात परत टाकणे. थोरले जुळारी हे काम मला मुद्दाम देत. सकाळी ज्या खिळ्यांनी कोणाच्या तरी चिरंजीवाचा शरीरसंबंध जुळवला, तेच खिळे संध्याकाळी कोणाच्या तरी तीर्थरूपांच्या दशक्रियेचे निमंत्रण छापत, आणि दुसऱ्या दिवशी ‘ढेकूण मारण्याचे खात्रीचे औषध’. खिळ्याला पूर्वीच्या कामाची आठवण नसते. जुळाऱ्याच्या बोटांना मात्र असते. पत्रिका सोडता सोडता कोणते अक्षर कोणाशेजारी शोभले आणि कोणते दोन शब्द एकमेकांना खटकले याची जी रुजुवात होई, ती ताजी जुळणी करताना होत नसे, कारण जुळवताना लक्ष मजकुरावर असते. मांडणीचे जे काही शिक्षण मला लाभले, त्याचा मोठा भाग मोडतोडीच्या या कामात लाभला असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

मग १९६१ सालची १२ जुलै उजाडली. पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला, आणि मुठा नदीचे पाणी लकडी पूल ओलांडून पेठांत शिरले. त्या दिवसाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे आणि माझ्यापेक्षा अधिक दुःख भोगलेल्यांनी केले आहे, तेव्हा मी छापखान्यापुरतेच सांगतो. पाणी ओसरल्यावर आम्ही दार उघडले नाही. ते आधीच गेले होते. आत मांडीएवढा चिखल होता आणि त्या चिखलात चार वर्षे मी खणाखणांत लावून ठेवलेली सगळी बाराखडी एकजीव झाली होती. कागदाच्या रिमांचा लगदा झालेला. पोस्टरांसाठीचे लाकडी टाईप फुगून तडकलेले. सर्वांत हताश करणारी स्थिती शाईच्या रोलरांची होती, कारण त्या काळचे रोलर सरस आणि गूळ आटवून ओतलेले असत आणि पाण्यात पडलेल्या गुळाचे जे व्हायचे तेच त्यांचे झाले होते. ट्रेडले मात्र जमिनीत मुळे धरल्यासारखी जागच्या जागी उभी होती.

शहराला पाणी खडकवासल्याचे, त्यामुळे पुरात बुडालेल्या पुण्यात नळ कोरडे. आम्ही विहिरीच्या पाण्याने, चाळण्या आणि घमेली घेऊन, सोने धुणाऱ्या झारेकऱ्यांप्रमाणे चिखल धुतला. शिसे पाण्याला दाद देत नाही. खिळे निघाले, रॉकेलने पुसले की चमकू लागले. पण निघाले ते ढिगाने, आणि ढिगातून १२, १६, २४ पॉइंट वेगळे करणे, त्यांतून अक्षरे वेगळी करणे, या कामाला आळीतली मुले, मालकांच्या घरातली बायकामाणसे आणि एक निवृत्त तलाठी एवढे सगळे लागले. तलाठीबुवांनी तर खिळ्यांची दप्तरबंद नोंद ठेवली होती. सर्वांत आधी २४ पॉइंटाचा संच पुरा झाला. बाकीचे अजून घमेल्यांत होते तोच पहिले काम येऊन उभे राहिले.

आमच्या शेजारची एक शाळा पुराने बंद पडली होती आणि ती दुसऱ्या पेठेतल्या एका वाड्यात ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सकाळी पुन्हा सुरू व्हायची होती. हेडमास्तर हस्तपत्रकाचा मजकूर घेऊन आले. वीज नव्हती, पण ट्रेडलला पाय पुरत होता. सदाशिव पेठेतल्या एका व्यवसायबंधूने एक रोलर उसना दिला होता. तीन रोलरांचे काम एकट्या रोलरवर काढायचे म्हणजे ठळक किनारी आणि जाड रुळ वर्ज्य, कारण त्यांना पुरेशी शाई मिळेना. मजकुराभोवती मोकळी जागा सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. एवढ्यावर भागले असते. पण जुळणीला बसलो आणि ध्यानात आले की २४ पॉइंटाच्या संचात ळ दोनच उरले आहेत. तो टाईप उत्तरेकडच्या ओतशाळेतून आणलेला. हिंदीला ळ लागत नाही, म्हणून मुळातच त्यांनी तो मूठभर दिला होता, आणि त्या मुठीतले बाकीचे मुठेने नेले होते.

मजकूर तर असा की त्यात शाळा, मंगळवार, सकाळी, वेळ, स्थळ आणि पुरामुळे. शाळेच्या दिवंगत संस्थापकांच्या आडनावात एक ळ होता आणि ज्यांचा वाडा मिळाला त्या सद्गृहस्थांच्या आडनावात दुसरा. ही आडनावे बदलण्याचा अधिकार कोणालाच नव्हता, तेव्हा दोन्ही ळ तिथे खर्ची पडले. उरलेल्या मजकुरासाठी मी रात्री कंदिलाच्या उजेडात मालकांच्या शब्दकोशाचा, तोही भिजून दुप्पट जाड झालेला, आश्रय घेतला. सकाळी जे प्रूफ निघाले त्यात ‘जलप्रलयास्तव स्थगित झालेली शाला मंगलवारी प्रातःकाली पुनश्च आरंभ’ पावत होती. वेळेच्या जागी समय आला होता आणि स्थळाच्या जागी स्थल. हेडमास्तर संस्कृतचे शिक्षक. त्यांनी चष्मा वर केला, प्रूफ दोनदा वाचले आणि विचारले, “शाळा भरवायची आहे की यज्ञ मांडायचा आहे?” मग कारण कळल्यावर ते हसले, आणि पुरानंतर त्या आळीत कोणी मोठ्याने हसल्याचे मी प्रथमच ऐकले. त्यांनीच मला मोरोपंतांच्या निरोष्ठ रामायणाची गोष्ट सांगितली: एकशे आठ रामायणे रचणाऱ्या त्या कवीने त्यांपैकी एकात ओठांनी उच्चारायचे एकही अक्षर येऊ दिले नाही, म्हणजे रामाची कथा सांगायची आणि राम हा शब्दच उच्चारायचा नाही. मोरोपंतांनी आपले बंधन हौसेने घातले होते आणि आमच्यावर ते नदीने लादले होते, हा भेद मी त्यांना नम्रपणे दाखवून दिला.

त्या पत्रकाला मी आजही माझ्या चांगल्या कामांत धरतो, आणि ते भाषेच्या गमतीसाठी नव्हे. मोकळ्या जागेत उभा असलेला एकाच आकाराचा मजकूर, किनार नाही, ब्लॉक नाही, टवक्याचा गणपतीसुद्धा नाही. तोवर मोकळी सोडलेली जागा म्हणजे गिऱ्हाइकाचा फुकट गेलेला कागद अशीच माझी समजूत होती. एका रोलरने ती मोडली.

तडकलेले लाकडी टाईप टाकून देण्याची माझ्यात हिंमत नव्हती आणि नवे घेण्याची मालकांत. पूरग्रस्तांच्या साहाय्यार्थ होणाऱ्या एका नाट्यप्रयोगाचे पोस्टर आम्ही त्यांनीच छापले. अक्षरे वाळताना वाकलेली, त्यामुळे मधले मधले भाग शाई धरीनात. छापलेल्या नावातून पाणी वाहून गेल्यासारखे पांढरे ओघळ दिसू लागले. मी ते दडवण्यासाठी अक्षरांखाली कागदाच्या चकत्या घालू लागलो तेव्हा थोरले जुळारी म्हणाले, “राहू दे. त्यांना पूर आलाय, तो दिसू दे.” पोस्टर लोकांच्या नजरेत भरले, आणि त्याचा दुष्परिणाम असा की पुढची दोन वर्षे संगीत सौभद्रापासून किराणा दुकानाच्या उद्घाटनापर्यंत सर्वांनाच ती ‘ओघळवाली’ अक्षरे हवी झाली. दुकानाच्या पाटीवर ती अक्षरे निव्वळ खराब छपाई दिसत. मी ती छापून दिली, पैसे घेतले. नाही म्हणायला हवे होते.

कागदाची चणचण पुढेही चालूच राहिली. एका मोठ्या बांधणी कारखान्यातून डबल क्राऊन तावांच्या कडेच्या कतरणी आम्ही रद्दीच्या भावाने आणत असू: रुंदी चार इंच, लांबी तीस इंच. अशा पट्टीवर काय छापणार? बिलबुकांच्या पावत्या करून उरलेल्या पट्ट्या कोपऱ्यात साठत होत्या. एके दिवशी घरी आईने माझी जन्मपत्रिका काढली, गुंडाळी उलगडली, आणि चार बोटे रुंद कागदावर कुंकवाच्या बोटांपासून ग्रहांच्या कुंडलीपर्यंत खाली खाली उतरत जाणारा तो लांबच लांब मजकूर पाहून मी जेवण अर्धवट टाकून छापखान्यात आलो. एका मुंजीची निमंत्रणे मी त्या पट्टीवर, जन्मपत्रिकेच्या धाटणीने छापली. ट्रेडलचा चेस, म्हणजे जुळणी आवळण्याची चौकट, पंधरा इंचांचा, पट्टी तीस इंचांची. म्हणून प्रत्येक पट्टी दोनदा यंत्रावर चढवली आणि सांधा दिसू नये म्हणून बरोबर मध्यावर चार माशांची आडवी वेलबुट्टी टाकली. गुंडाळी करून लाल दोरा बांधला. त्या वर्षी आमच्याकडे मुंजींची रांग लागली.

पुढच्या वर्षी आणखी तीन छापखान्यांनी तीच गुंडाळी काढली. एकाने तर मासेही घेतले. मी संतापाने लाल झालो, वकिलाकडे जाण्याची भाषा केली. मालक नाटकवेडे. ते म्हणाले, “अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली शाकुंतल रंगभूमीवर आणले, तेव्हा कथा कालिदासाची होती, आणि चाली कुठे साकी-दिंडीच्या, कुठे लावणीच्या, कुठे कानडी. कालिदासाने फिर्याद केली काय? आणि तुझी गुंडाळी कोठली? तुझी पत्रिका मांडणाऱ्या जोशीबुवांची. त्यांना किती दिलेस?” मी निरुत्तर झालो, पण समाधान झाले नाही, आणि आजही पुरते झालेले नाही. ज्याने गुंडाळीत पट्टीची अडचण सोडवली आणि ज्याने पूर्ण आकाराचा कागद विकत आणून त्याची पट्टी कापली, हे दोघे एकाच पायरीवर बसवायला माझे मन तयार होत नाही. त्या तिघांपैकी एक अखंड कागद फाडून पट्ट्या करीत होता! अर्थात त्यांच्यातल्याच एकाने गुंडाळीच्या पाठीमागे मुहूर्ताच्या घटकांचे कोष्टक छापले, आणि ती सुधारणा मी मुकाट्याने उचलली, हेही सांगितले पाहिजे.

उचलेगिरीच्या बाबतीत माझे स्वतःचे हात स्वच्छ नाहीत. एका साबणाच्या वेष्टनासाठी मी एका नामांकित चित्रकाराने दिवाळी अंकावर काढलेली अक्षरे तशीच्या तशी गिरवून ब्लॉक केला होता. गिऱ्हाईक घाईत होते, मला रात्र मोकळी हवी होती. दुसरे कारण नाही. काही महिन्यांनी ते चित्रकार कागद घेण्याच्या निमित्ताने आमच्याकडे आले, भिंतीवर डकवलेले वेष्टन त्यांनी पाहिले, आणि मी जमिनीत गडप होण्याची वाट पाहत असता शांतपणे म्हणाले, “त्या आठवड्यात माझा अंगठा सुजला होता, म्हणून ती शिरोरेषा मध्येच खाली आली. तुम्ही ती सूजही घेतलीत.” एवढे बोलून त्यांनी कागदाचे पैसे चुकते केले आणि ते गेले. त्यांच्या अक्षरांतला एखादा वेलांटीचा डौल घेऊन तो माझ्या रुळांच्या तुकड्यांत बसवण्याचा मी प्रयत्न केला असता, तर तो बसेना म्हणून मला काहीतरी बदलावे लागले असते, आणि तेवढ्यापुरते तरी ते काम माझे झाले असते. गिरवताना काहीच अडले नाही, त्यामुळे मला काहीच करावे लागले नाही.

मिसळण्याचा अतिरेकही करून झाला आहे. एका संस्थेच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर मी मुंबई वळणाचा अ आणि कलकत्ता वळणाचा अ शेजारी शेजारी बसवला, त्यांत तीन आकारांचे टाईप, लाल-पिवळ्याच्या छेदातून काढलेला नारिंगी आणि माझी सगळी मासे-हंसांची पलटण उतरवली. माझ्या दृष्टीने ती चमत्कृती होती. चिटणीसांनी ती नामंजूर करून शेरा मारला: ‘अहवाल आहे, जत्रा नव्हे.’ त्या अहवालासाठी मला कागद भरपूर, शाई तिन्ही रंगांची आणि मुदत सहा आठवड्यांची मिळाली होती. एवढी सोय मला पुढे फारशी मिळाली नाही, आणि मिळाली तेव्हा मी तिला भिऊनच राहिलो.

ऑफसेट आले, मग संगणक. तरुण मंडळी मला एकाच पडद्यावर शेकडो वळणांची अक्षरे दाखवतात, आणि त्यांत र. कृ. जोशी यांच्यासारख्या जाणत्या मराठी कलावंताने घडवलेला ‘मंगल’ही असतो, ज्यात ळ हवा तितका मिळतो. ती पोरे माझ्याहून चपळ आहेत, यात वाद नाही. कोणी शिकायला आलेच तर मी त्यांना एक आकार, एक रंग आणि अर्ध्या दिवसाची मुदत देतो, आणि जुने एखादे पत्रक देऊन सांगतो की यात जे आहे त्याबाहेरचे काही घ्यायचे नाही. निम्मे दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

आमचा छापखाना १९९३ साली मोडला. शिशाचा व्यापारी तागडी घेऊन आला आणि खिळे किलोच्या भावाने गेले. बाराखडी पोत्यांत भरताना मी त्याच्याबरोबर बसलो होतो. पुरानंतर धास्तावलेल्या मालकांनी ओतशाळेला दरवर्षी न चुकता ळ ची जादा फर्मास पाठवली होती, आणि मला मात्र तोवर त्याच्यावाचून लिहिण्याची सवय जडली होती. २४ पॉइंटाच्या केसेत सर्वांत वजनदार खण त्याचाच भरला: साडेतीन किलो.